फालेझ: व्हायकिंगांच्या सहाव्या पिढीचं गाव

शुक्रवार

फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जाणारे बहुतेक पर्यटक माँ सें-मिशेल आणि दुसऱ्या महायुद्धातल्या 1944 च्या लढाईचे समुद्रकिनारे पाहून परततात. फालेझ या दोन्हींच्या वाटेवर नाही. काँ शहराच्या दक्षिणेला सुमारे 35 किलोमीटरवर, जेमतेम आठ हजार वस्तीचं हे गाव. इथे प्रवासी रेल्वेही येत नाही. पण इंग्लंड जिंकून त्याचा इतिहास ज्या माणसाने फिरवला तो विल्यम, म्हणजे फ्रेंचांचा गियोम, 1027-28 च्या सुमारास इथे जन्मला. त्याच्या बापाचं घराणं व्हायकिंग लुटारूंचं आणि आई, परंपरेप्रमाणे, कातडी कमावणाऱ्याची मुलगी. एवढं वाचल्यावर बाबांनी आणि मी पॅरिसमधले दिवस कमी केले आणि फालेझसाठी वेळ काढला.

बाबा निवृत्त स्थापत्य अभियंते. सह्याद्रीतले गड त्यांनी पाठीवर पिशवी टाकून पालथे घातलेले आहेत, आणि लहानपणापासून मलाही त्यांनी दरवाजा, बुरूज, तटबंदी या क्रमाने किल्ला वाचायला शिकवलं. त्यामुळे फ्रान्समध्ये त्यांना आधी काय दाखवायचं याचा विचारच करावा लागला नाही.

पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून काँपर्यंत गाडीने सुमारे दोन तास. तिथून फालेझची बस. शहर संपलं की दोन्ही बाजूंना नुसती सपाट शेती. नांगरलेली जमीन, मध्येच झाडांचा पुंजका आणि त्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. याच मैदानी पट्ट्यातून ऑगस्ट 1944 मध्ये कॅनडाचं सैन्य फालेझच्या रोखाने सरकत होतं. आणि याच भागात, काँच्या आग्नेयेला, 1047 मध्ये व्हाल-ए-द्यूनची लढाई झाली. त्यात विशीच्या आतबाहेरच्या विल्यमने आपल्याच बंडखोर सरदारांना फ्रान्सच्या राजाच्या मदतीने मोडून काढलं होतं. दोन युद्धांमध्ये नऊशे वर्षांचं अंतर, पण जमीन आणि वाट तीच.

उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सामान टाकून लगेच किल्ल्याकडे निघालो. चौकात पोचलो तर समोर विल्यमचा घोड्यावरचा पुतळा. लुई रोशे या शिल्पकाराने घडवलेला, 1851 चा. घोडा मागच्या पायांवर उभा, विल्यमच्या हातात उंच धरलेलं निशाण. मला मात्र त्याच्या पायाशी असलेल्या माणसांनी जास्त वेळ खिळवून ठेवलं. चौथऱ्याभोवती त्याच्या आधीच्या सहा सत्ताधाऱ्यांचे पुतळे आहेत. रोलो, विल्यम लाँगस्वर्ड, पहिला रिचर्ड, दुसरा रिचर्ड, तिसरा रिचर्ड आणि विल्यमचा बाप रॉबर्ट. हे पुतळे 1875 मध्ये बसवले.

बाबांनी चौथऱ्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "अगं, ही तर वंशावळच उभी केलीय. पहिला कुठला?"

पहिला रोलो. डेन्मार्कचा की नॉर्वेचा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सीन नदीतून वर येऊन लूटमार करणाऱ्या टोळ्यांपैकी एकीचा हा म्होरक्या. 911 मध्ये शार्त्र इथे त्याचा पराभव झाला. त्यानंतर फ्रान्सच्या राजाने, तिसऱ्या चार्ल्सने, सें-क्लेर-स्यूर-एप्त या गावी त्याच्याशी तह केला. सीनच्या मुखाजवळचा मुलूख तुझा. त्याबदल्यात बाप्तिस्मा घे आणि तुझ्यासारख्याच दुसऱ्या लुटारूंना या नदीत शिरू देऊ नकोस. हाच मुलूख पुढे पश्चिमेकडे वाढत गेला आणि त्याचं नॉर्मंडी झालं. ड्यूकांच्या, म्हणजे नॉर्मंडीच्या या सत्ताधाऱ्यांच्या, पदरी राहून त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या दूदोने एक गोष्ट सांगितली आहे. राजाच्या पायाचं चुंबन घ्यायला रोलो तयार होईना. त्याने आपल्या एका शिपायाला पुढे केलं. शिपायाने वाकण्याऐवजी राजाचा पाय उभ्यानेच तोंडाशी उचलला आणि राजा उताणा पडला. खरीखोटी कशीही असो, आपल्या पूर्वजांबद्दल हीच गोष्ट सांगितलेली त्या घराण्याला आवडत होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शनिवार

सकाळी गावात बाजार भरला होता. चीजवाल्यांच्या फळ्यांवर कामाँबेर, लिव्हारो, पों-लेव्हेक. तिन्ही नावं याच परिसरातल्या गावांची. सप्टेंबरअखेर असल्यामुळे सफरचंदांचे ढीग. त्यातली बरीच कडवट-आंबट, खायची नाहीतच, ती सायडरसाठी. नॉर्मंडीत द्राक्षाचा मळा क्वचित, सगळा कारभार सफरचंदावर. सायडर आणि ते गाळून केलेलं काल्व्हादोस ही इथली पेयं. थोडं चीज, पाव घेतला आणि दार उघडायच्या वेळी किल्ल्यावर हजर झालो.

किल्ला आन्त नावाच्या छोट्या नदीवर झुकलेल्या खडकाच्या सोंडेवर आहे. आपल्या गडांच्या मानाने उंची काहीच नाही. लांबलचक तटबंदीच्या आत मोकळं मैदान आणि त्याच्या टोकाला एकमेकांना चिकटलेल्या तीन इमारती: थोरला चौकोनी बालेकिल्ला, त्याला बिलगलेला धाकटा बालेकिल्ला आणि गोल ताल्बो बुरूज.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. विल्यम यातल्या कुठल्याच इमारतीत जन्मला नाही. थोरला बालेकिल्ला बांधला त्याच्या धाकट्या मुलाने, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने, 1123 च्या सुमारास. तेव्हा विल्यमला जाऊन 36 वर्षं झाली होती. धाकटा बालेकिल्ला हेन्रीच्या नातवाचा, दुसऱ्या हेन्रीचा, त्याच शतकाच्या उत्तरार्धातला. विल्यमच्या काळचा किल्ला याच खडकावर होता, पण आज दिसतो तो त्याच्या वारसांचा.

थोरल्या बालेकिल्ल्याचं दार जमिनीवर नाही, पहिल्या मजल्यावर आहे. खाली कोठारं, वर दरबाराचं दालन, राहायची खोली आणि प्रार्थनागृह. शत्रू तटाच्या आत आला तरी त्याला जिना चढूनच यावं लागणार, तोही माऱ्याखाली. रायगडाच्या महादरवाजासमोर बुरुजांच्या बेचक्यात शत्रूला कोंडायची जी युक्ती आहे, तिचं काम इथे उंचीवर टाकलं आहे. बाबा या दाराखाली बराच वेळ उभे होते. भिंतीत ठरावीक अंतराने चौकोनी भोकं दिसतात. मला ती मारगिरीची वाटली. "छे, या परांचीच्या खाचा," बाबा म्हणाले. "लाकडी वासे भिंतीत खोचायचे, त्यावर फळ्या टाकायच्या, भिंत वर गेली की वासे काढून पुढच्या ओळीत. खाचा तशाच राहतात. ओळी मोज, किती टप्प्यांत भिंत चढवली ते कळेल." मग आम्ही खरंच खालून वर बोट नेत त्या ओळी पाहिल्या. कोपऱ्यांना आणि आधारभिंतींना घडीव फिकट दगड, मधल्या अंगाला ओबडधोबड दगडाची भर. महाग दगड जिथे हवा तिथेच वापरलेला.

पण थोरल्या बालेकिल्ल्यासमोर गेलं की नजर आधी जाते ती काँक्रीटवर. प्रवेशाची जुनी पुढची इमारत नष्ट झाली होती. 1990 च्या दशकात ब्रूनो देकारीस या वास्तुविशारदाने तिच्या जागी करड्या काँक्रीटची आणि पोलादाची नवी इमारत उभी केली. किल्ला 1997 मध्ये पुन्हा खुला झाला आणि फ्रान्सभर वादळ उठलं. बाराव्या शतकातल्या दगडाला हे काय चिकटवलं म्हणून लोक भडकले. आजही गावात या विषयावर दोन तट आहेत. आम्ही राहिलो त्या घरच्या आजीबाईंना ते अजिबात सहन होत नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

मला ते काम आवडलं, आणि मी ते ठामपणे म्हणेन. त्या काँक्रीटकडे पाहून कोणाचीही फसगत होत नाही. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते लहान मुलालाही दिसतं. गेलेली इमारत कशी होती याचा पुरेसा पुरावा नसताना जुन्यासारखा दिसणारा दगड रचला असता, तर पन्नास वर्षांनी तोच खरा मानला गेला असता. आपल्याकडे गडांची डागडुजी होते तेव्हा मी हाच प्रश्न विचारत आले आहे, की नवा दरवाजा नवा म्हणून ओळखू येतो का. बाबांचं मत वेगळं पडलं. नवं वेगळं दिसावं हे त्यांना पटतं, पण त्याचा आकार इतका अंगावर येऊ नये, असं ते म्हणाले. भिंतीवर हात फिरवत, सांधे तपासत त्यांनी दहा मिनिटं मला वजन, पाया आणि जुन्या भिंतीवर येणारा भार समजावून सांगितला. आम्ही एकमत न होताच आत गेलो.

आत दालनं बहुतेक रिकामी आहेत. हातात एक टॅबलेट देतात. तो समोर धरला की त्या खोलीत बाराव्या शतकातलं सामान, रंगवलेल्या भिंती, पडदे दिसू लागतात. खुद्द भिंतीला काही न लावता खोली भरायची ही रीत मला फार चांगली वाटली. भडक रंग पाहून बाबा चकित झाले. मध्ययुग म्हटलं की आपण नुसता उघडा दगड डोळ्यांपुढे आणतो; ती माणसं रंगात राहत होती.

ताल्बो बुरूज मात्र इंग्लंडच्या राजांचा नाही. 1204 मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने नॉर्मंडी जिंकली, त्यानंतर त्याने हा गोल बुरूज चढवला. उंची 35 मीटरच्या आसपास, भिंत सुमारे चार मीटर जाड. चौकोनी इमारतीचा कोपरा सुरुंग खणून पाडता येतो, शिवाय कोपऱ्याआडचा शत्रू वरून दिसत नाही. गोलाला कोपराच नाही. ऐंशी वर्षांत किल्ले बांधायची पद्धत कशी पालटली, ते शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या इमारतींत दिसतं. नाव मात्र पुन्हा इंग्रजांचंच. शंभर वर्षांच्या युद्धात, 1418 मध्ये, पाचव्या हेन्रीने फालेझ घेतलं आणि जॉन टालबट हा इंग्रज सेनानी नंतर इथला अंमलदार झाला. 1450 मध्ये किल्ला कायमचा फ्रेंचांकडे आला.

या भिंतींनी कैदीही पाहिले. स्कॉटलंडचा राजा विल्यम द लायन इथे होता, आणि 1174 च्या फालेझच्या तहाने त्याला इंग्लंडच्या राजाचं मांडलिकत्व पत्करावं लागलं. त्यानंतर आला ब्रिटनीचा आर्थर. वय पंधरा-सोळा. त्याचा काका, इंग्लंडचा राजा जॉन, याने त्याला 1202 मध्ये पकडून इथे कोंडलं, कारण इंग्लंडच्या गादीवर पुतण्याचाही हक्क होता. पुढच्या वर्षी त्याला रुआँला हलवलं आणि तिथून तो नाहीसाच झाला. पुतण्या मारल्याचा संशय जॉनला जन्मभर चिकटला. नारायणराव पेशव्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला इथे जास्त सांगावं लागत नाही.

रात्रीच्या जेवणाला तेरगूल मागवली. तांदूळ, दूध, साखर आणि दालचिनी मातीच्या भांड्यात घालून मंद भट्टीत पाच-सहा तास ठेवतात, ढवळत नाहीत. वर तपकिरी, जाड खापरी धरते. खाली आपली तांदळाची खीरच, फक्त वेलचीच्या जागी दालचिनी. बाबांनी खापरी आधी संपवली.

रविवार

सकाळी किल्ल्याखालच्या आन्त नदीच्या खोऱ्यात उतरलो. जुनी घरं, ओढ्याएवढी नदी, ओली पायवाट. कातडी कमावायला पाणी लागतं, म्हणून हा व्यवसाय इथे. इथेच आर्लेतचा झरा दाखवतात. रॉबर्टने किल्ल्याच्या खिडकीतून तिला पाण्यावर धुणं धुताना पाहिलं आणि बोलावणं धाडलं, अशी कथा. तिने मागच्या दाराने गुपचूप यायला नकार दिला आणि उजळ माथ्याने, घोड्यावर बसून, मोठ्या दारातून आत गेली, असंही सांगतात. ज्या खिडकीकडे बोट दाखवतात ती तिच्या नातवाने बांधलेल्या इमारतीची आहे, त्यामुळे खिडकीचा भाग सोडून द्यावा लागतो. आर्लेत खरी. रॉबर्टने तिच्याशी लग्न केलं नाही. पुढे तिचं लग्न हेर्लुआँ नावाच्या सरदाराशी झालं आणि त्यांचा मुलगा ओदो बायोचा बिशप झाला.

रॉबर्ट 1035 मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना वारला. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा आणि अनौरस. पुढची दहा-बारा वर्षं त्याचे पालक एकामागून एक मारले गेले. व्हायकिंगांचा धागा मला नेमका याच काळात सापडला. 1042-43 च्या सुमारास थर्स्टन गोझ नावाच्या सरदाराने बंड करून हाच फालेझचा किल्ला बळकावला. त्याच्या नावात व्हायकिंगांचा थॉर देव आहे आणि त्याचा बाप जुन्या बखरीत 'डेन आन्सफ्रिद', म्हणजे डेन्मार्कचा आन्सफ्रिद, म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे डेन बापाचा मुलगा फ्रेंच राजाच्या बळावर दगडी किल्ला अडवून बसला आणि रोलोच्या सहाव्या पिढीतला पोरगा त्याला वेढा घालत होता. विल्यमच्या माणसांनी तट फोडला, गोझ शरण आला आणि परागंदा झाला. त्याचा मुलगा पुढे विल्यमच्या सेवेत आला, आणि नातू ह्यू इंग्लंडमधल्या चेस्टरचा अर्ल झाला.

फालेझमध्ये व्हायकिंग शोधायचे ते असे. इथे जहाजाचे अवशेष नाहीत, कुऱ्हाडी नाहीत. सबंध नॉर्मंडीतच त्यांच्या वस्तू मोजक्या सापडल्या आहेत. रुआँजवळच्या पीत्र गावी एका बाईच्या दफनात मिळालेले दोन अंडाकृती ब्रोच त्यातले प्रसिद्ध. ही माणसं इतक्या झपाट्याने इथली झाली की मागे ठेवायला फारसं उरलंच नाही. दूदो लिहितो की रोलोच्या मुलाने आपल्या मुलाला, पहिल्या रिचर्डला, डॅनिश शिकायला बायोला धाडलं, कारण राजधानी रुआँत ती बोलणारं फारसं कोणी राहिलं नव्हतं. फक्त तिसरी पिढी! आया इथल्या, धर्म इथला, सरदारकी इथली. समुद्रावरून येऊन मठ जाळणाऱ्यांचे नातू-पणतू मठ बांधू लागले आणि लाकडी होड्यांवर जगलेलं घराणं दगडाच्या भिंतींत राहू लागलं. 911 पासून 1066 पर्यंत जेमतेम दीडशे वर्षं. विल्यम इंग्लंडवर उतरला तो फ्रेंच बोलणारा, घोड्यावरून लढणारा सरदार म्हणून. मात्र या स्वारीची गोष्ट भरतकामात सांगणाऱ्या बायोच्या लांबलचक कापडी पटावर त्याच्या ताफ्यातली जहाजं पाहा: फळीवर फळी चढवलेली, दोन्ही टोकं उंच वळवलेली. ती बांधणी आजोबा-पणजोबांचीच.

चढून परत आलो आणि त्रिनिते चर्चकडे वळलो. याच्या गाभाऱ्याखालून चक्क रस्ता जातो. चर्चला मागे वाढायचं होतं, रस्ता बंद करता येत नव्हता, म्हणून कमान टाकून वरून गाभारा नेला. बाबांनी त्या कमानीखालून दोनदा ये-जा केली.

दुपारी युद्धातल्या नागरिकांचं स्मारक-संग्रहालय पाहिलं. 2016 मध्ये उघडलेलं, चौकापासून जवळच. 6 आणि 7 जून 1944 च्या रात्री फालेझवर बॉम्ब पडायला सुरुवात झाली. ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य या परिसरात तिन्ही बाजूंनी घेरलं गेलं. उत्तरेकडून कॅनेडियन आणि पोलिश, दक्षिणेकडून अमेरिकन. 21 ऑगस्टला वेढा पुरता बंद झाला तोवर गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला होता. कालपासून गावातली घरं एवढी एकसारखी, एकाच काळातली का दिसतात हे मला उमगत नव्हतं. ती सगळी युद्धानंतरची आहेत. या संग्रहालयात रणगाड्यांचं कौतुक नाही. रेशनची कार्डं, मुलांचे बूट, निर्वासितांचं सामान. तळमजल्यावर बॉम्बमध्ये पडलेल्या एका खऱ्या घराचा पाया काचेखाली तसाच ठेवला आहे. त्यावर चित्रफीत दाखवतात आणि आपण त्या घरात बसून हल्ला ऐकतो. नॉर्मंडीत त्या उन्हाळ्यात सुमारे 20,000 नागरिक मेले, त्यातले पुष्कळ सुटका करायला आलेल्यांच्याच बॉम्बखाली. हे संग्रहालय ती गोष्ट सरळ सांगतं, कोणाला दूषण न देता आणि काही न लपवता. बाहेर आल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सोमवार

सकाळच्या बसने काँला आलो, कारण फालेझला सुरू झालेली गोष्ट इथे संपते. विल्यमने इथे पुरुषांचा मठ बांधला आणि राणी मतिल्दाने बायकांचा. विल्यमला पुरुषांच्या मठाच्या सेंत-एतिएन चर्चमध्ये वेदीसमोर पुरलं आहे. साधी संगमरवरी शिळा, लॅटिन मजकूर.

1087 मध्ये त्याचा दफनविधी चालू असताना आसलाँ नावाचा माणूस गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, ही जमीन माझ्या बापाची आहे, या माणसाने ती हिसकावून घेतली, त्याला इथे पुरायला माझी मनाई आहे. चौकशी झाली, लोकांनी साक्ष दिली आणि त्याला तिथल्या तिथे 60 सू (तेव्हाचं चलन) मोजून दिल्यावरच विधी पुढे सरकला. इंग्लंड जिंकणाऱ्या राजाचं दफन एका साध्या माणसाने अडवलं आणि त्याचं ऐकलं गेलं, ही त्या समाजाची बाजू मला किल्ल्याइतकीच मोलाची वाटते. पुढे 1562 च्या धर्मयुद्धात कबर फोडली गेली, अस्थी विखुरल्या. आज त्या शिळेखाली मांडीचं एक हाड आहे.

त्याच्या पूर्वजांची तर तेवढीही खूण हाती लागत नाही. फेकाँच्या मठात पहिल्या आणि दुसऱ्या रिचर्डच्या म्हणून जपलेल्या अस्थींची 2016 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी तपासणी सुरू केली. त्यातून रोलो डेन की नॉर्वेजियन, याचा निकाल लागेल अशी आशा होती. हाडं या दोन्ही ड्यूकांच्या कितीतरी आधीची निघाली.

कोणाला जायचं असेल तर काही सूचना. काँमध्ये राहून फालेझ एका दिवसात उरकता येतं, पण एक तरी मुक्काम तिथेच करा. रविवारी बसगाड्या तुरळक असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून घ्या. किल्ल्याच्या आत निदान तीन तास द्या, आणि जमलं तर नदीपलीकडच्या मों मिरा या खडकावर चढा. ताल्बो बुरूज, दोन्ही बालेकिल्ले आणि देकारीसची वादग्रस्त इमारत तिथून पाहा, आणि मग तिच्याबद्दल आपलं मत ठरवा.